शेवटी जेवणाऱ्या

१

धाकट्या सुनेचा पाय घरात ठरत नाही, हे चंद्रभागेचं गाऱ्हाणं साऱ्या शिवाराला पाठ झालं होतं. लता म्हणजे कायम उंबऱ्यावर बसलेली बाई. कांद्याची लागण तोंडावर आली की हिचं पोट दुखायचं, हातातलं बळ जायचं, आणि भावाला निरोप धाडून, पोराला काखोटीला मारून ही निघाली निफाडला माहेरी. विचारणं नाही, पुसणं नाही. तिथून यायची ती तोंडावर तेज घेऊन, आणि महिना भरतो न भरतो तोच पुन्हा कण्हणं सुरू.

"मी सासुरवाशीण होते तव्हा माहेर पाहिलं ते आईच्या दहाव्याला," चंद्रभागा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. "ही मात्र माहेरी गेली का फुलती, इथं आली का सुकती. असं काय चारतात तिला तिथं, एकदा बघायलाच पाहिजे."

बघायला मात्र ती कधी गेली नाही. टोमणा मारून झाला की तिचं काम झालेलं असायचं.

चांदवडच्या डोंगराखाली टेंभुरवाडीचा मळा, आणि मळ्यात हे एकच घर. चंद्रभागेला अक्षर यायचं ते सहीपुरतं. पण नवरा गेल्यापासून घराचा गाडा तिनंच ओढला होता, आणि तो कसा ओढायचा हे तिला कुणी शिकवायला आलेलं खपत नसे. थोरला मुलगा धोंडीराम शेती बघायचा, कांदा लासलगावला न्यायचा. त्याची बायको विमल. लग्नाला बरीच वर्षं झाली, मांडी मोकळीच. धाकटा पुंजा मनमाडला रेल्वेत, सुट्टीपुरता घरी. त्याची बायको ही लता, आणि लताचा मल्हारी. घरातलं एकुलतं एक पोर. तिसरं लागलं तरी बोलत नव्हतं. आधी 'माय' म्हणायचं, 'भू' म्हणायचं, मग तेही सोडून दिलं.

एकोणऐंशी सालच्या पौषात लागण चालू असताना वाफ्याच्या कडेला बसवलेला मल्हारी एकाएकी वाकडा झाला. डोळे फिरले, दातखीळ बसली. धोंडीरामानं कांद्याचा टेम्पो रिकामा केला, आणि सासू-सून पोराला घेऊन थेट नाशकात, गंगापूर रोडच्या दवाखान्यात.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोराला तपासलं. मग लताचे हात पुढे करायला लावले. मनगटं सुकल्या वेलासारखी खाली लोंबली. बाईंनी लताचा ओठ वर उचलून हिरडी पाहिली, आणि चंद्रभागेला एकटीला आत बोलावलं.

"आजी, तुमच्या घरात कुणी छापखान्यात कामाला आहे का?"

"आमच्यात लिहिणारंच कुणी नाय. छापायचं काय?"

"शिशाचे खिळे जुळवणाऱ्या कामगारांच्या हिरडीवर मी अशी निळी-काळी रेघ पाहिली आहे. तुमच्या सुनेच्या तोंडात तीच आहे. लेकराची लक्षणंही तीच. शिसं विषारी असतं, आजी. ते दोघांच्या पोटात जातंय. रोज, थोडं थोडं. आणि तुमच्याच घरातून."

"कुणी घालतंय म्हणता?"

"ते मला इथं बसून कसं कळणार?"

२

लता आणि मल्हारी दवाखान्यात राहिले. चंद्रभागा टेम्पोनं परत आली. वाटेत तिनं तोंड उघडलं नाही, तेव्हा धोंडीराम खरा घाबरला.

शिसं म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे पहिला उभा राहिला तो कल्हईवाला उस्मानभाई. स्वस्तात काम उरकायचं म्हणून काही लोक कथलात शिसं मिसळतात, हे तिनं बाजारात ऐकलं होतं. चांदवडहून त्याला बोलावून घेतलं आणि घरातलं मोठं पातेलं त्याच्या पुढ्यात आदळलं.

"उस्मानभाई, कथलात शिसं किती घालता?"

उस्मानभाईनं भाता खाली ठेवला. "अम्मा, तुमच्या सासूबाईंची भांडी माझ्या वालिदांनी केली. असं कधी कुणी विचारलं नव्हतं."

"आता मी इचारते."

त्यानं पांढरं फडकं घेऊन पातेलं आतून चोळलं आणि तिच्यापुढं धरलं. "शिसं असतं तर हे काळं पडलं असतं."

"फडकं तुमचं, चोळणारे तुम्ही," म्हणत चंद्रभागेनं स्वतःच्या पदरानं पातेलं घासलं. पदर स्वच्छच. तिनं पदराचं दुसरं टोक घेतलं आणि पुन्हा घासलं.

"लुगडं फाटेल, अम्मा," उस्मानभाई म्हणाला. "एक विचारू? या पातेल्यातलं जेवतं कोण?"

"सगळे."

"बीमार कोण?"

"सून आन नातू."

"आणि तुम्ही?"

चंद्रभागेनं हातातलं पदराचं टोक सोडलं. कांद्याच्या गोणीचं एक टोक ती अजून उचलायची. गेल्या कैक वर्षांत तिला साधी सर्दी झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"माझ्या पातेल्याला सासू कोण, सून कोण, ते कळत नाही," उस्मानभाई भाता उचलत म्हणाला. "हे ज्याचं काम असेल, त्याला ते चांगलं कळतंय."

३

घरात पोराचं वाईट चिंतणारं कोण, याचं उत्तर चंद्रभागेच्या मनात उस्मानभाई फाटकाबाहेर पडायच्या आत तयार होतं. विमल. जावेच्या मांडीवर पोर आणि आपली मांडी मोकळी. यापेक्षा जास्त कारण बाईला लागत नाही, असं तिला वाटलं.

विमल चुलीपुढं भाकरी थापत होती. चंद्रभागा पाट ओढून समोर बसली.

"मल्हारीची पेज कोण करतं?"

"लता. आपली जेवणं उरकली का."

"तू करत नाय?"

"नाय."

"कव्हा भरवती?"

विमलचा हात परातीत थांबला. "आत्याबाई, सरळ इचारा ना. मी त्याला काय चारते, आसंच ना?"

"आसंच समज."

"मी त्याला शिवत बी नाय. बारशाच्या दिवशी तुम्हीच म्हणाल्या व्हत्या, रिकाम्या ओटीच्या बाईनं पोर घेऊ नाय. तव्हापासून हात लावला नाय मी त्याला. ते रांगत माह्याकडं आलं तरी मी उठून जाते."

चंद्रभागेला ते बोलणं आठवत नव्हतं. पण आपण ते बोललो असणार, याची तिला खात्री होती.

"आन रिकामी म्हणता ती ओटी भरली व्हती," विमल खालच्या आवाजात म्हणाली. "दोनदा तुम्हाला ठावं हाय. तिसऱ्या येळी मी कुणाला बोललेच नाय. म्हटलं, राहिलं तर सांगू. नाय राहिलं. गोठ्यामागं एकटीनं उरकलं आन सांजच्याला भाकरी टाकल्या."

तव्यावरची भाकरी करपत होती. दोघींपैकी कुणी ती उलटली नाही.

"आधी गावातल्या घरात व्हतो तव्हा मला असं काय दुखणं नव्हतं," विमल म्हणाली. "इथं मळ्यात राहायला आलो, आन तव्हापासूनच."

चंद्रभागा पुढं सरकली. "ओठ वर कर."

"काय?"

"कर म्हणते ना."

विमलनं ओठ उचलला. हिरडीच्या कडेनं दातांच्या मुळाशी एक निळसर काळी रेघ होती. काजळाच्या काडीनं ओढावी तशी.

४

त्या दिवशी घरातल्या साऱ्यांचे ओठ उचलले गेले. पुंजा नेमका सुट्टीवर आला होता. "माय, बैलबाजारात दात बघतात तसं काय चाललंय," म्हणत त्यानं तोंड उघडलं. त्याची हिरडी साफ. धोंडीरामाची रेघ केसासारखी, उजेडात धरलं तरच दिसावी अशी. चंद्रभागेनं विमलच्या छोट्या आरशात आपलं तोंड पाहिलं. दात चारच उरलेले, पण हिरडी लहान पोरीसारखी गुलाबी.

म्हणजे आपल्याला नाही. पुंजाला नाही, पण तो घरी जेवतोच कुठं. धोंडीरामाला थोडं, विमलला जास्त, लताला त्याहून जास्त, आणि पोराला सगळ्यांपेक्षा. हे कसलं विष, जे माणसं बघून वाटलं जातंय? आणि वाटणारी विमल असेल तर ती स्वतः कशाला पिईल?

आणखी काही दिवस गेले. लता अजून नाशकातच होती. घरात आता पोरही नव्हतं आणि धाकटी सूनही. तरी एके दिवशी खरकटं काढता काढता विमल पोट धरून जमिनीवर दुमडली. आधी चंद्रभागेला वाटलं, सोंग करू राहिली. पण तोंडाला सुटलेला तो घाम सोंगाचा नव्हता. अशी कळ लताला यायची. विमलला एवढी कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रभागा जेवायला बसली आणि जेवण सोडून नुसती बघत राहिली.

आधी देवाला नैवेद्य. मग तिचं ताट. मग धोंडीरामाचं. दोघांचं उरकलं की विमलचं. आणि विमल उठली की लता, मांडीवर मल्हारीला घेऊन. सासूबाईंच्या काळापासून याच रीतीनं ताटं पडत आली होती. त्यात कुणी कधी फरक केला नव्हता, आणि करायला आलं असतं तर चंद्रभागेनंच त्याची खरडपट्टी काढली असती.

साफ, थोडं, जास्त, त्याहून जास्त. हिरड्यांची ओळ आणि ताटांची ओळ एकच होती. लता दवाखान्यात गेली म्हणून विष थांबलं नव्हतं. ते फक्त एक ताट वर सरकलं होतं.

भाकरी सगळ्यांना तीच. कालवण तेच. पहिल्या ताटाला आणि शेवटच्या ताटाला वेगळं काय मिळतं?

"विमल," ती म्हणाली, "तू बस आधी."

"मला पाप लागंल, आत्याबाई."

"लागू दे मला. बस."

विमल चोरटेपणानं दोन घास खाऊन उठली. मग धोंडीराम जेवला. सर्वांत शेवटी चंद्रभागा. घास गिळला आणि तिनं पाण्यासाठी कोपऱ्यातल्या रांजणात तांब्या घातला. तांब्याचा काठ रांजणाच्या बुडाला खर्र करून घासला.

हा आवाज तिनं या घरात कधी ऐकला नव्हता. तिच्या वाट्याला रांजण नेहमी भरलेला यायचा. पहाटे भरायचा, दुपारपर्यंत पाणी निवळायचं, आणि वरचं नितळ पाणी देवाला आणि तिला. बहात्तरच्या दुष्काळात माणसं थेंबासाठी भांडली, तेव्हापासून तिनंच दंडक घातला होता: रांजणातला थेंब सांडायचा नाही, तळ दिसल्याशिवाय नवं पाणी भरायचं नाही.

तिनं तळाचं पाणी परातीत ओतलं. जरा थांबली. मग परात तिरकी करून पाणी हळूच सोडून दिलं. परातीच्या बुडाशी करडी, जड, चमचमती भुकटी राहिली. चांदीचा मुलामा खरवडून टाकावा तशी.

तिनं ती बोटावर घेतली आणि मागं वळून पाहिलं. विमल दारात उभी होती. रांजण रोज पहाटे तीच भरायची.

५

चंद्रभागेनं विमलला काही विचारलं नाही. पहाटे तिच्या आधी उठून ती स्वतः विहिरीवर गेली, स्वतःच्या हातानं पोहरा सोडला, आणि पाणी थेट परातीत ओतून निवळू दिलं. विमल हंडा घेऊन आली तेव्हा सासू परातीपुढं उकिडवी बसली होती.

"माह्यावर पाळत ठेवता व्हय?"

"ठेवली व्हती," चंद्रभागा म्हणाली. "आता नाय. इकडं बघ."

परातीच्या बुडाशी तीच भुकटी होती. रांजणातल्यापेक्षा थोडी, पण तीच. रोज नवं पाणी आणि रोज नवा थर, आणि शेवटच्या तांब्याला सारा गाळ एकत्र.

तिनं धोंडीरामाला हाक मारली. तो डोळे चोळत आला.

"ही विहीर बांधली तव्हा दगडाच्या मागं आन तळाला काय भरलं?"

"भुकटी," धोंडीराम म्हणाला. "वाळू नदीवरून आणायची तर बैल मेले असते. डोंगरात ती गोऱ्याची खाण नाय का, तिच्या पुढ्यात ढीग पडलेत. वाळूपेक्षा बारीक. फुकटची. आपली बघून खालच्या मळ्यांनी बी नेली. पाणी कसं काचेवाणी निघालं, आख्खं गाव बघायला आलं व्हतं."

ती खाण चंद्रभागेला लहानपणापासून माहीत होती. गोऱ्यांच्या कुण्या कंपनीनं चांदीच्या आशेनं डोंगरात भोक पाडलं होतं. चांदी लागली नाही. जे लागलं ते परवडलं नाही. दगडाचा चुरा करून करून ढीग लावले आणि एक दिवस सामान उचलून निघून गेले. ढीग मात्र तसेच राहिले.

"त्या ढिगावर गवत येतं का रे?"

धोंडीरामानं जरा विचार केला. "नाय."

"तिथं पावसाळ्यात डबकं साठतं. गुराखी तिथं गुरं पाजतात?"

"नाय पाजत. मागं शेरडं मेली व्हती."

"मंग तू आपली माणसं कशी पाजली?"

धोंडीरामानं विमलकडं पाहिलं. विमल हंडा कडेवर तसाच धरून उभी होती, रिकामा. या विहिरीचं पाणी लागल्यापासून तीनदा तिचं पोट पिकलं नव्हतं. तो मटकन विहिरीच्या काठावर बसला.

"माय, विमलचं... ते बी यानंच?"

चंद्रभागेनं परातीतली भुकटी पदराच्या टोकात बांधली. कोडं सुटलं होतं. पण ज्याच्या नावानं बोटं मोडावीत असं समोर कुणीच नव्हतं. होता तो तिचाच पोरगा, आणि तो डोकं गुडघ्यात घालून बसला होता.

६

कोडं सुटलं म्हणून पाणी सुधारलं नाही. भुकटी दगडांच्या मागं भरलेली. ती काढायची तर आख्खी बांधणी ढासळायची. कांदा वाफ्यात उभा होता आणि त्याला दुसरं पाणी नव्हतं. प्यायचं पाणी विमल डोंगराच्या पलीकडच्या झऱ्यावरून डोक्यावर आणू लागली. चंद्रभागा बरोबर जायला निघाली, तर अर्ध्या चढावर तिचेच गुडघे थकले. तिथं दगडावर बसून ती सुनेची वाट बघायची, आणि विमल वरून येताना दिसली की दुसरीकडं तोंड फिरवायची.

खालच्या मळ्यात ती सांगायला गेली. तिथल्या मालनबाईनं सारं ऐकून घेतलं, मग लोटाभर पाणी तिच्यापुढं उजेडात धरलं. "यात काय दिसतं का तुम्हाला? आमचं तर सगळं बरं हाय."

"तुमची नात अजून बोलत नाय."

"उशिरा बोलतात काही. तुमच्या सुनेला माहेरी धाडायचंय, तर धाडा. त्यासाठी आमच्या विहिरीला कशाला नावं ठेवता?"

तालुक्याच्या कचेरीत धोंडीराम बाटली घेऊन गेला. साहेबांनी ती खिडकीशी नेऊन उजेडात पाहिली. पाणी तर स्वच्छ दिसतंय, म्हणाले. तपासायला पुढं पाठवू. खाण कुणाची? कंपनीची. कंपनी कुठं आहे? गेली. मग तक्रार कुणावर लिहू, असं त्यांनी विचारलं. ते चिडून बोलले नव्हते. त्यांनाही खरंच कळत नव्हतं.

लता आणि मल्हारीला आणायला चंद्रभागा नाशकाला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंना तिनं सगळं सांगितलं, परातीतली भुकटी पुरचुंडीत बांधून दाखवलीही. बाईंनी पुरचुंडी तळहातावर घेऊन तिचं वजन अजमावलं.

"तुम्ही शोधून काढलंत, आजी."

"ते राहू द्या. आंगातनं निघंल कव्हा?"

"शिसं हाडांत जाऊन बसतं. ते पाणी बंद झालं तर हळूहळू कमी होईल. सुनेच्या हातात बळ येईल. काही मात्र राहीलच."

"आन हा बोलंल का?"

बाईंनी मल्हारीच्या हातात त्यांची छाती तपासायची नळी दिली. त्यानं ती तोंडात घातली. त्याला हाक मारली तरी त्यानं मान वर केली नाही.

"लहान आहे अजून," बाई म्हणाल्या.

लता आणि पोर मळ्यावर न येता माहेरी जाणार होते. नाशकाच्या स्टँडवर निफाडची गाडी लागली होती. मनमाडहून आलेल्या पुंजानं पिशव्या वर टाकल्या. मल्हारी चंद्रभागेच्या कडेवर होता, कारण लताच्या मनगटांना अजून पोराचं वजन पेलत नव्हतं. पोर आजीच्या खांद्यावर लाळ गाळत शांत पडलं होतं. पूर्वी ते कडेवर असं राहायचं नाही, खाली उतरायला धडपडायचं.

लतानं गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळली. सासूचं तोंड एवढं बंद तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, आतून संतापलीय.

"आत्याबाई, लागण अर्धीच राहिली आसंल," ती घाबरत म्हणाली. "जाऊबाई एकल्या हायेत. चार दिवस राहते आन येते लगेच. तुम्ही राग नका धरू."

चंद्रभागेनं मल्हारीला पुंजाच्या हातात दिलं. पदर खोचला. स्टँडवरच्या दहा माणसांनी वळून बघावं अशा आवाजात तिला बोलायची सवय होती, आणि आताही तिनं आवाज खाली आणला नाही.

"लता, साऱ्या शिवारात मी तुला नावं ठेवली का ही पळती म्हणून. आता माह्या तोंडून ऐक. तुझं चुकलंच. पळाली तिथं नाय चुकलं. दर येळी माह्या धाकानं परत आली, तिथं चुकलं. आता परत आली ना, तर मीच तुला दारातून हाकलून देईन."